कडेची जमीन : नगर जिल्ह्यातल्या रस्त्यांच्या रुंदीचा इतिहास

नगर शहरात कुणाला पत्ता विचारला तर तो आधी रस्त्याचे नाव सांगतो, आणि ते नाव बहुधा दुसऱ्याच गावाचे असते. पुणे रस्ता, मनमाड रस्ता, कल्याण रस्ता, दौंड रस्ता, सोलापूर रस्ता, जामखेड रस्ता, पाथर्डी रस्ता, औरंगाबाद रस्ता. केडगाव पुणे रस्त्यावर, सावेडी मनमाड रस्त्यावर, भिंगार पाथर्डी रस्त्यावर. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. जुन्या काळाविषयी लिहिताना मी त्या काळची नावे वापरली आहेत, एवढे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

या रस्त्यांच्या इतिहासाकडे मी अभ्यासक म्हणून वळलो नाही. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या शेताच्या बांधावर एके दिवशी मोजणीची खूण लागली. मोजणीदाराने रस्त्याच्या मध्यापासून टेप धरला आणि बांधाच्या बऱ्याच आत चुन्याची रेघ मारली. मी विचारले, "ही रेघ इथेच का?" तो म्हणाला, "रस्त्याचा दर्जा वाढलाय, रुंदी वाढणारच." दर्जा कधी वाढला, कुणी वाढवला आणि आम्हाला कुणी सांगितले, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना गावनकाशे, फाळणी उतारे, जुने फेरफार, गॅझेटियर आणि सार्वजनिक बांधकाम खात्याचे नियम असा प्रवास गेली बारा-तेरा वर्षे चालू आहे. त्यातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. रस्त्याचा इतिहास आपण डांबराचा आणि पुलांचा म्हणून लिहितो. खरा इतिहास रस्त्याच्या कडेच्या जमिनीचा आहे.

चार महिने बंद असणारी वाट

इंग्रजी अंमलाआधी या मुलखात वाटा पुष्कळ होत्या, पण बांधलेला रस्ता म्हणावा असे फार थोडे होते. काळ्या जमिनीतली वाट उन्हाळ्यात गाडीच्या चाकोरीने पडते आणि पावसाळ्यात चिखलात बुडते. चाकोरी खोल झाली की गाडीवान शेजारून दुसरी पाडतो. म्हणजे वाटेला ठराविक रुंदी नव्हती, ती ऋतूप्रमाणे पसरायची आणि आकसायची. तांडे बैलांच्या पाठीवर माल नेत, त्यांना गाडीरस्ता लागतच नसे.

या वाटांची परीक्षा १८०३च्या पावसाळ्यात झाली. आर्थर वेलस्ली फौज घेऊन नगरवर आला. ८ ऑगस्टला त्याने पेठ घेतली आणि १२ ऑगस्टला भुईकोट किल्ला त्याच्या ताब्यात आला. किल्ला चार दिवसांत पडला. त्यानंतर गोदावरी ओलांडताना मात्र पूल नव्हता. चामडे मढवलेल्या टोपलीसारख्या नावांतून फौज, तोफा आणि बैल टोक्याजवळ पलीकडे न्यावे लागले. प्रवरासंगमचा आजचा पूल बसमधून दोन मिनिटांत ओलांडताना ही गोष्ट आठवली की पूल म्हणजे काय ते कळते.

दुष्काळाने बांधलेले रस्ते

आपल्या जिल्ह्यात रस्त्यांची मोठी कामे सुबत्तेच्या वर्षांपेक्षा दुष्काळाच्या वर्षांत अधिक झाली. दुष्काळ पडला की सरकारला माणसे कामावर लावायची असत, आणि अडाणी हातांना ताबडतोब देता येईल असे काम म्हणजे माती ओढणे आणि खडी फोडणे. १८७६ ते १८७८च्या दुष्काळात दौंड-मनमाड लोहमार्गाच्या भरावाचे काम असेच दुष्काळी काम म्हणून झाले आणि १८७८ मध्ये गाडी धावू लागली. त्याच दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीचा दर खाली आणला : प्रौढ पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा. १८७७च्या सुरुवातीला दख्खनमधल्या हजारो मजुरांनी या दराविरुद्ध कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९००च्या दुष्काळांतही हाच क्रम चालला.

या पद्धतीचा एक परिणाम फारसा कुणी नोंदवत नाही. दुष्काळी काम घाईने काढले जाई. ज्याच्या शेतातून रस्ता जायचा तोच शेतकरी त्या कामावर मजूर असे. बायकापोरांसह उपाशी असलेला माणस जमिनीच्या मोबदल्याची भाषा करत नाही. रस्ता झाला, पाऊस पडला, लोक घरी गेले. जमीन मात्र कागदावर पुष्कळदा होती तिथेच राहिली.

मोटार आली, आराखडा आला

रेल्वे आल्यावर पन्नास वर्षे मोठ्या रस्त्यांकडे सरकारचे दुर्लक्षच झाले. रस्ता म्हणजे स्टेशनाला जोडणारा फाटा, एवढीच त्याची किंमत राहिली. मोटारींनी हे चित्र पालटले. १९२७ मध्ये केंद्र सरकारने रस्त्यांचा विचार करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. रस्ते हा प्रांतांच्या आवाक्याबाहेरचा प्रश्न झाला आहे, तेव्हा पेट्रोलवर जादा कर बसवून त्यातून देशाचा रस्ते निधी उभारावा, हे या समितीचे मुख्य सांगणे. १९२९ मध्ये तो निधी सुरू झाला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. आजही रस्त्याची रुंदी, वळण, चढ कसा असावा हे तिच्या मानकांवरून ठरते.

डिसेंबर १९४३ मध्ये, युद्ध चालू असताना, देशातले मुख्य अभियंते नागपुरात जमले. तिथे तयार झालेला 'नागपूर आराखडा' हा आपल्या रस्त्यांचा पाया. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही उतरंड त्यात पक्की झाली. रस्त्यांची रचना चांदणी आणि जाळी अशा मिश्र आकाराची मानली होती : मोठ्या गावातून किरणांसारखे निघणारे रस्ते आणि त्यांना आडवे जोडणारे रस्ते. नगरचा नकाशा पाहिला तर चांदणी कशाला म्हणतात ते वेगळे समजवावे लागत नाही. पिकत्या भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर असू नये, हे ध्येय होते. १९६१ ते १९८१च्या पुढच्या आराखड्यात, ज्याला मुंबई आराखडा म्हणतात, पक्क्या रस्त्यापासूनचे अंतर चार मैलांवर आणले गेले.

या उतरंडीतच माझ्या बांधावरच्या रेघेचे उत्तर होते. प्रत्येक दर्जाच्या रस्त्याला जमिनीची ठराविक रुंदी लागते. रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार मोकळ्या सपाट भागात ग्रामीण मार्गाला साधारण १२ मीटर, इतर जिल्हा मार्गाला १५, प्रमुख जिल्हा मार्गाला २५ आणि राज्यमार्ग किंवा राष्ट्रीय महामार्गाला ४५ मीटर. आता हिशेब करून पाहा. १२ मीटरचा ग्रामीण मार्ग प्रमुख जिल्हा मार्ग झाला की एका किलोमीटरमागे १३,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारे सव्वातीन एकर जमीन वाढीव लागते. त्याचा पुढे राज्यमार्ग झाला तर आणखी दोन हेक्टर, म्हणजे जवळपास पाच एकर. दर्जोन्नतीचा आदेश एका कागदावर निघतो. त्या दिवशी रस्त्यावर एक खडाही पडत नाही, म्हणून ही मागणी कडेच्या शेतकऱ्याला दिसत नाही. ती दिसते पंधरा-वीस वर्षांनी, चुन्याच्या रेघेच्या रूपाने.

दोन रेषा

असे होणार हे आपल्या पूर्वीच्या लोकांना कळत नव्हते असे नाही. १९५५चा मुंबई महामार्ग अधिनियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा चकित झालो. त्यात महामार्गाची हद्द ठरवायची, हद्दीबाहेर इमारत रेषा आखायची आणि तिच्याही पलीकडे नियंत्रण रेषा आखायची अशी तरतूद आहे. इमारत रेषेच्या आत परवानगीवाचून बांधकाम नाही, आणि नियंत्रण रेषेपर्यंतच्या बांधकामावर लक्ष. पुढच्या मानकांत मोठ्या महामार्गांसाठी दोन्ही बाजू धरून इमारत रेषांमधले अंतर ८० मीटर आणि नियंत्रण रेषांमधले १५० मीटर आले. म्हणजे रस्त्याच्या मध्यापासून दोन्ही अंगांना ४० मीटरपर्यंत घर नको आणि ७५ मीटरपर्यंत जपून.

या रेषांमागचा विचार साधा आहे. जमीन शेतकऱ्याचीच राहील, तो पीक घेईल, पण तिथे इमला उभा राहणार नाही. उद्या रस्ता रुंद करायचा झाला तर पीक निघाल्यावर जमीन घेता येईल, घर पाडावे लागणार नाही. ज्या पिढीने हा नियम केला तिला चौपदरी रस्ता बघायला मिळणार नव्हता. तरी तिने त्याची जागा राखायची सोय केली होती.

ती जागा आपण राखली का? जिल्ह्यातल्या कोणत्याही फाट्यावर उभे राहून उत्तर मिळते. रस्ता जिथे दुसऱ्या रस्त्याला मिळतो तिथे आधी चहाची टपरी येते, मग पंक्चरवाला, मग खताचे दुकान, मग रसवंती, मग पतपेढी आणि तिच्यावर मंगल कार्यालयाची पाटी. मूळ गाव आत एक कोसावर, आणि नवे गाव फाट्यावर. यात लोकांना दोष देता येत नाही, पोट रस्त्यावरच भरते. पण रेषा आखणाऱ्या, परवानगी देणाऱ्या आणि घरपट्टी वसूल करणाऱ्या हातांनी एकमेकांना कधी विचारले नाही.

बहात्तरचा रस्ता

१९७२चा दुष्काळ मी आईच्या झोळीतून पाहिला, म्हणजे मला तो आठवत नाही. आई सांगायची. आमच्या गावाचा फाट्यापर्यंतचा रस्ता त्या वर्षी निघाला. ती खडी फोडायला जायची. दगड फोडताना ठिकरी डोळ्यात जाऊ नये म्हणून बाया पदर डोळ्यांपर्यंत ओढून बसायच्या. खडीचा चौकोनी ढीग लावायचा, मग मापाची पेटी घेऊन कारकून यायचा. मुलांना सुकडी मिळायची, रेशनवर लाल मायलो यायचा. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर रुजली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. कामाचा हक्क कायद्याने देण्याची ती या देशातली मोठी सुरुवात होती, आणि तिची जमीन नगर, बीड, सोलापूरसारख्या जिल्ह्यांतल्या खडीच्या ढिगांची आहे, हे अभिमानाने सांगायला हवे.

पण त्याच रस्त्यासाठी वडिलांच्या शेताची पट्टी गेली. "रस्ता आपलाच आहे, कागद कशाला," असे त्या वेळी सगळेच म्हणाले आणि वडीलही म्हणाले. सातबाऱ्यावरचे क्षेत्र तेवढेच राहिले. पुढची चाळीस वर्षे आम्ही रस्त्याखालच्या जमिनीचाही शेतसारा भरला. दरम्यान तो ग्रामीण मार्ग आधी इतर जिल्हा मार्ग झाला, नंतर प्रमुख जिल्हा मार्ग. रुंदीकरणाची मोजणी आली तेव्हा एका कार्यालयात मला सांगण्यात आले की जी जागा आधीच रस्त्याखाली आहे ती सरकारचीच, तिचा मोबदला नाही. मी विचारले, "सरकारची कधी झाली? संपादनाचा निवाडा दाखवा." निवाडा सापडला नाही. पण ती जागा सरकारची नाही असे म्हणणारा कागदही माझ्याकडे सातबाऱ्याशिवाय दुसरा नव्हता. ज्या पट्टीवर आईने खडी फोडली तिच्याबद्दल मी आजही अर्ज करतो आहे. आसपासच्या गावांत विचारले तेव्हा कळले की हे दुखणे आमचे एकट्याचे नाही.

ऊस, कारखाने आणि चौपदरी

दुष्काळी दक्षिण भागात रस्ते पोटासाठी झाले, तर उत्तरेत पाण्याने. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. १९५०च्या अखेरीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि पाठोपाठ जिल्ह्यात कारखान्यांची रांग लागली. उसाला रस्ता लागतो तो वर्षातले पाच-सहा महिने, रात्रंदिवस. बैलगाडी गेली, ट्रॅक्टर आला, त्यामागे दोन-दोन ट्रॉल्या आल्या. बैलगाड्यांच्या हिशेबाने आखलेल्या अरुंद पट्ट्यावर दोन भरलेल्या ट्रॉल्या समोरासमोर आल्या की एकाला साइडपट्टीवर उतरावे लागते. पावसाने साइडपट्टी खचलेली असेल तर पुढचे सांगायला नको. आमच्या तालुक्यातून ऊस तोडायला जाणारी माणसे याच रस्त्यांनी जातात आणि यायची वाटही हीच. काही येत नाहीत.

या शतकाच्या पहिल्या दशकात पुणे-नगर-औरंगाबाद रस्त्याचे चौपदरीकरण टप्प्याटप्प्याने झाले. 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' हा शब्दप्रयोग आणि टोलनाका या दोन गोष्टी आपल्याकडे तेव्हा रुळल्या. सुप्याची औद्योगिक वसाहत याच रस्त्यावर वाढली. संगमनेरवरून जाणारा पुणे-नाशिक महामार्ग रुंद झाला, चंदनापुरी घाटाचे जुने रूप बदलले. कडेचे वड, चिंचा आणि कडुनिंब गेले. त्यांच्या बदल्यात झाडे लावायचा प्रश्न हरित लवादापर्यंत न्यावा लागला. नगर-मनमाड रस्त्याच्या खड्ड्यांविषयी मी इथे काही लिहीत नाही, शिर्डीला गेलेल्या प्रत्येकाला ते पाठ आहेत.

शहरात तर बाजूला सरकायला जागाच उरली नाही. निजामशाही नगरचा कोट गेला, पण दिल्ली दरवाजा आणि माळीवाडा वेस उभी आहे. त्या कमानी पाहिल्या की जुन्या शहराला केवढी वाट पुरत होती ते कळते. कडेला जागा नसली की रस्ता वर जातो. सक्कर चौकाकडून निघणारा सुमारे तीन किलोमीटरचा उड्डाणपूल नोव्हेंबर २०२२ मध्ये खुला झाला. तो सोयीचा आहे, यात वाद नाही. पण उड्डाणपूल ही गमावलेल्या कडेची किंमत आहे, हेही खरे.

नवी रेघ, जुनी रेघ

मोठा रस्ता करायच्या दोन तऱ्हा आहेत. एक, जुनाच रस्ता रुंद करायचा. दुसरी, शेतांमधून नवीच रेघ ओढायची. जिल्ह्याने दोन्ही पाहिल्या. समृद्धी महामार्ग ही दुसरी तऱ्हा. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग कोपरगाव तालुक्यातून जातो. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. त्यासाठी सपाट भागात १२० मीटर रुंद पट्टा घेतला गेला. आज सहा मार्गिका आहेत, पण पुढे वाढवायची जागा आधीच राखली आहे. सुरुवातीला जमीन एकत्रीकरणाच्या योजनेला गावोगाव विरोध झाला. थेट खरेदीने पैसे मिळू लागल्यावर बहुतेकांनी जमिनी दिल्या. पैसे मिळालेल्यांत गाड्या घेणारेही होते आणि दुसरीकडे जमीन घेणारेही. पण या रस्त्याला फाटा नाही. आपल्या शेतावरून जाणाऱ्या गाडीला शेतकरी हात करू शकत नाही, टपरी टाकू शकत नाही. सुरत-चेन्नई महामार्गाची आखणी संगमनेर, राहाता, राहुरी, नगर, जामखेड या भागातून झाली, तेव्हा तिथले शेतकरी मोबदल्याइतकेच याविषयीही बोलत होते.

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेण्याच्या कायद्यातली कलमे आता चावडीवरचे शब्द झाले आहेत. "थ्री-ए झालं का?" म्हणजे संपादनाचा इरादा जाहीर झाला का. त्यानंतर हरकतीला २१ दिवस. मग संयुक्त मोजणी. "थ्री-डी झालं" म्हणजे जमीन केंद्र सरकारची झाली. मग निवाडा. २०१५ पासून २०१३च्या भूसंपादन कायद्यातल्या मोबदल्याच्या तरतुदी या संपादनालाही लागू आहेत. विहीर, पाइपलाइन, फळझाड यांचे मूल्यांकन वेगळे होते, म्हणून पंचनाम्याच्या दिवशी शेतात हजर राहणे हे निवाड्यानंतरच्या दहा अर्जांपेक्षा मोलाचे आहे. हे २१ दिवस कित्येकांचे केवळ न कळल्यामुळे जातात.

नवी रेघ ओढली की निदान कागद होतो, निवाडा होतो, घेणारा आणि देणारा समोरासमोर येतात. जुना रस्ता वाढतो तेव्हा मात्र तो दुष्काळात दिलेल्या, तोंडी सोडलेल्या, कधीच न मोजलेल्या जमिनीवर उभा राहून आणखी जमीन मागतो. म्हणून रुंदीकरणाची भांडणे अधिक कडू असतात. लोक विकासाच्या आड येतात असे म्हटले जाते. मी पाहिलेली बहुतेक माणसे रस्ता हवा म्हणणारीच होती. त्यांचे म्हणणे एवढेच होते की आधीचा हिशेब मांडा.

काय करता येईल

तीन गोष्टी सुचतात, तिन्ही बिनखर्चाच्या म्हणाव्यात अशा. रस्त्याची दर्जोन्नती झाली की तिची सूचना ग्रामपंचायतीत लागावी आणि त्या रस्त्यालगतच्या प्रत्येक सातबाऱ्यावर इतर हक्कात तशी नोंद व्हावी, म्हणजे घर बांधणाऱ्याला आणि जमीन घेणाऱ्याला पुढची रुंदी आजच कळेल. दुसरी, आज ग्रामीण आणि जिल्हा मार्गांखाली प्रत्यक्ष किती जमीन आहे याची गावनिहाय मोजणी होऊन, संपादित किती आणि नुसतीच वापरात किती, हे वेगळे लिहिले जावे. तिसरी, फाट्यांवर तरी इमारत रेषेचे दगड रोवले जावेत. कायदा सत्तर वर्षांचा झाला, दगड अजून बसायचे आहेत.

चोंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवींचे नाव आता जिल्ह्याला आहे. त्यांनी ठिकठिकाणी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. वाटसरूसाठी वाटेच्या कडेला जागा हवी, हे ओळखणाऱ्या राज्यकर्त्या म्हणून त्यांची ओळख देशभर आहे. त्यांच्या नावाच्या जिल्ह्यात रस्त्याच्या कडेचा हिशेब चोख असावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

मी माझ्या गावापुरते काम सुरू केले आहे. फाट्यापासून वेशीपर्यंतच्या रस्त्यालगतच्या सगळ्या गटांची जुनी फाळणी आणि आजची मोजणी शेजारी-शेजारी लिहितो आहे. निम्मे गट झाले. वडिलांच्या पिढीतली ज्यांना बहात्तरची आखणी आठवते अशी चार-पाच माणसे आहेत, त्यांच्याकडे आधी जातो, कागद नंतरही सापडतील. वाचकांपैकी कुणी आपल्या गावाचे असे टिपण केले, तर दोन वह्या शेजारी ठेवून पाहता येतील.